बोंडाचं टोक लागतं, पण कळत नाही

प्रश्न राळेगावकडच्या एका तरुणाचा आहे. आई 47 वर्षांची. स्वतःच्या वावरात आणि रोजीनंही कापूस वेचते. चार महिन्यांपासून तिच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं अर्धं बोट बधिर आहे. बोंडाचं टोक घुसून रक्त आलं की दिसतं, कळत मात्र नाही. दुखत काहीच नाही. एका डॉक्टरांनी बी-12ची इंजेक्शनं दिली, दुसऱ्यांनी मानेचा एक्स-रे काढायला लावला, शेजारी म्हणतात फवारणीचं औषध भिनलं. हे नेमकं कशाचं, आणि दुखत नाही तर वेचणी आटोपेपर्यंत थांबलं तर चालेल का, असं त्यानं विचारलं आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. थांबू नका. ही वेचणी तर नाहीच, पुढचा बाजारसुद्धा जाऊ देऊ नका. दुखत असतं तर मी कदाचित इतकी घाई केली नसती.

मी भौतिकोपचार करतो. वर्धा-यवतमाळ पट्ट्यात 26 वर्षं हात-पाय तपासण्यात गेली आणि त्यातली बरीच बधिर हातापायांत गेली. इतक्या दुरून निदान मला करता येणार नाही, करूही नये. पण तुम्ही प्रश्नात एक शब्द असा लिहिला आहे की त्यावरून अर्धा रस्ता मोकळा होतो. तो शब्द म्हणजे ‘अर्धं’.

हाताच्या पंज्यात स्पर्शाची वाटणी तीन नसांमध्ये आहे. अंगठा, त्याजवळची दोन बोटं आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू मनगटाच्या मधोमध जाणाऱ्या मीडियन नसेकडे. करंगळी आणि अनामिकेची तिच्याकडची बाजू अल्नर नसेकडे. हाताच्या पाठीवर अंगठ्याकडचा भाग तिसरीकडे. म्हणजे अनामिका हे सामायिक धुऱ्यावरचं बोट आहे, अर्धं या शेताचं, अर्धं त्या शेताचं. मानेतली नस दबली तर बधिरपणा सहसा असा बोटाच्या मधोमध दुभागत नाही, पूर्ण बोटावर पसरतो. त्यामुळे मानेच्या एक्स-रेत काही निघालं असेल तर त्यात फार गुंतू नका. पंचेचाळिशीनंतर डोक्यावर भारे वाहिलेल्या कुणाच्याही मानेत झीज निघतेच. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका माणसाला पाच आठवडे मानेचं ट्रॅक्शन, म्हणजे वजन लावून मान ताणायचा उपचार, दिलं आहे. फिल्मवर झीज दिसत होती, मी फिल्मवर विश्वास ठेवला आणि त्याच्या कोपराला हात लावला नाही. तो हात आज वाकडा आहे.

तर आता कोपराला हात लावा. आईला समोर बसवा, तिचा डावा हात कोपरात थोडा वाकवून तुमच्या हातावर सैल ठेवा. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचं एक टेंगूळ लागेल. त्याच्या मागच्या खाचेतून अल्नर नस जाते. कोपर चौकटीवर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, तीच ही. खाचेपासून चार बोटं वरपर्यंत हळूच बोट फिरवा. निरोगी नस सुतळीएवढी लागते आणि बोटाखालून सटकते. सुजलेली नस चऱ्हाटासारखी जाड, कधी गाठीगाठींची लागते आणि दाबली की माणूस हात मागे ओढतो. उजव्या हाताची नसही तशीच पाहा, दोन्हींत फरक आहे का ते बघा. जोर लावू नका, सुजलेली नस दुखावते.

डावी नस जाड लागली तर आपल्या भागात पहिला संशय कुष्ठरोगाचा घ्यायचा. ‘रगतपिती’ हा शब्द उच्चारला की घरात काय होतं ते मला ठाऊक आहे, म्हणून आधी एवढंच सांगतो: हा आजार पूर्ण बरा होतो, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आणि औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत माणसापासून दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता राहत नाही. 95 टक्क्यांच्या आसपास लोकांच्या अंगात या जंतूला दाद न देण्याची ताकद मुळातच असते. अंगावर चट्टा नाही म्हणून कुष्ठरोग नाही, असंही समजू नका. नुसत्या नसेचा कुष्ठरोग भारतात काही नवलाचा नाही. तरी आईच्या अंगावर फिकट किंवा लालसर, घाम न येणारा, केस विरळ झालेला चट्टा आहे का ते बहिणीला किंवा आशाताईला पाहायला सांगा. पाठ, मांड्या आणि कुल्ले लोक सोडून देतात, तिथेही पाहायला सांगा.

आता शेजाऱ्यांच्या फवारणीबद्दल. ते अगदीच बिनबुडाचं बोलत नाहीत. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक माणसं गेली, तेव्हापासून हातापायाला काहीही झालं की लोक आधी पंपाकडे बोट दाखवतात. पण विष नसेवर कसं चालतं ते पाहिलं की हा धागा सुटतो.

नसेतला निरोप विजेसारखा धावतो म्हणतात, पण तो तारेतल्या विजेसारखा नसतो. नसेच्या धाग्याच्या आत बाहेरच्यापेक्षा 70 मिलिव्होल्टच्या आसपास कमी दाब असतो. टोचलं की धाग्याच्या भिंतीतली सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, त्या धक्क्यानं पुढची दारं उघडतात आणि निरोप पुढे सरकतो. दारं लगेच मिटली पाहिजेत, तरच पुढचा निरोप घेता येतो. सायपरमेथ्रिन, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन ही औषधं नेमकी हीच दारं उघडी धरून ठेवतात. मग कुणी काही टोचलेलं नसताना नस बोलत राहते. फवारणी करून आलेल्या माणसाचा चेहरा आणि हात रात्रभर चुणचुणतात ते यामुळे. ते साधारण दिवसभरात उतरतं. चार महिने टिकत नाही, आणि अर्ध्या बोटावर तर मुळीच थांबत नाही.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांची तऱ्हा वेगळी. नस जिथे स्नायूला भेटते तिथे ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन निरोप पोचवतं आणि एक विकर (एन्झाइम) ते लगेच साफ करतं. ही औषधं त्या विकरालाच बांधून टाकतात. निरोप साचत जातो. लाळ, घाम, बारीक झालेली बाहुली, फडफडणारे स्नायू, आणि शेवटी श्वास. अशा भारी विषबाधेतून वाचलेल्या काहींच्या पायांत दोन-तीन आठवड्यांनी कमजोरी येते, पाऊल लोंबतं. पण त्याआधी माणूस दवाखान्यात भरती झालेला असतो आणि त्रास दोन्ही पायांत सारखा असतो. तुमच्या आईच्या बाबतीत असं काही झालेलं नाही.

बी-12 कमी असणं आपल्याकडे, विशेषतः माळकरी घरांत, खरंच असतं. पण ते दोन्ही पायांपासून चढतं, मुंग्या येतात, अंधारात चालताना तोल जातो. साखरेचंही तसंच, पायात मोजे घातल्यासारखा बधिरपणा दोन्हीकडे वर सरकतो. एका हाताची दीड बोटं धरून बसणं हे या दोघांचं वागणं नव्हे. साखर तरीही तपासा, पण आपल्या भागापुरती एक गोष्ट लक्षात ठेवा. घरात सिकलसेल हा लाल पेशींचा वंशपरंपरेनं येणारा आजार असेल तर तीन महिन्यांच्या साखरेची ती एचबीए1सी तपासणी चुकीचा आकडा देऊ शकते, कारण ती लाल पेशींवर मोजली जाते आणि त्या पेशीच वेगळ्या असतात. अशा घरांत उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर बघावी.

अल्नर नस कोपरात नुसती दबूही शकते. जुना मोडलेला कोपर, सतत कोपरावर टेकून बसणं, कोपर वाकवून उशीखाली हात घेऊन झोपणं. तेही निघू शकतं, आणि निघालं तर बरंच आहे. पण कुष्ठरोग नाही हे आधी ठरलं पाहिजे.

आता दुखत का नाही, ते सांगतो. इथे थोडा वेळ थांबलो तर राग मानू नका, माझ्या सगळ्या कामाचं मूळ इथे आहे.

तव्याला बोट लागलं की दोनदा दुखतं, कधी लक्ष दिलंय? आधी चटका, हात झटकून मागे येतो. मग क्षणभरानं ती ठसठसणारी आग. हे दोन वेगळे निरोप आहेत. पहिला थोड्या जाड धाग्यांतून झपाट्यानं येतो. दुसरा अगदी बारीक, वेष्टन नसलेल्या धाग्यांतून, सेकंदाला मीटरभर अशा बैलगाडीच्या चालीनं. स्पर्शाचे धागे सगळ्यांत जाड, त्यांच्यावर श्वान (Schwann) नावाच्या पेशींनी गुंडाळलेलं मायलिनचं वेष्टन असतं आणि निरोप त्या वेष्टनातल्या फटींवरून उड्या मारत सेकंदाला 50 मीटरच्या आसपास धावतो. कुष्ठरोगाचा जंतू याच श्वान पेशींत घर करतो. त्याला थंडावा लागतो, अंगाच्या आतल्या 37 अंशांत तो रमत नाही. म्हणून कातडीजवळून जाणाऱ्या नसा तो निवडतो: कोपराच्या वर अल्नर, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची, घोट्यामागची, कानाखाली मानेवरची. वाढतो इतका सावकाश की एकाचे दोन व्हायला 12 ते 14 दिवस लागतात. लागण झाल्यापासून आजार दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं, कधी 20 वर्षंही जातात, त्यामुळे ‘कुणाकडून लागलं’ हा शोध घेत बसू नका.

पहिले मरतात ते बारीक धागे. आधी गरम-थंड जातं, मग हलका स्पर्श, मग टोचणं. म्हणजे आजार सगळ्यांत आधी धोक्याच्या घंटेचीच दोरी कापतो. आणि मेंदूची गंमत अशी की जे येत नाही ते आलं नाही, असं तो सांगत नाही. तुमच्या पाठीला सदऱ्याचा स्पर्श होतोय, तो आत्ता मी लिहिलं म्हणून तुम्हाला जाणवला. एकेक धागा महिनोन्महिने गळत गेला तर मेंदूला काही हरवल्याची खबरच लागत नाही.

पुसदकडच्या एका गावात एक बाई होती. चुलीवर भाकरी करताना उलथणं घेत नसे, तव्यावरून भाकर सरळ बोटांनी उलटायची. आयाबाया कौतुकानं म्हणायच्या, “हिचा हात लय कनखर हाय.” मी तिच्या सासऱ्याच्या लकव्यासाठी गेलो होतो. चहा देताना तिनं उकळत्या चहाचा पेला खालून धरला आणि माझ्यासमोर तसाच धरून उभी राहिली, मी तो घेईपर्यंत. मला तो कडेला धरवेना. मी म्हटलं, “बाई, पोळत नाही का?” ती म्हणाली, “मले नाई पोळत भाऊ, सवय झाली.” बोटांच्या पेरांवर जुन्या फोडांचे डाग होते, नवे फोडही होते. कोपराची नस पाहिली तर करंगळीएवढी जाड. तिला कितीतरी आरोग्य कर्मचारी भेटून गेले असतील. कुणाचं काय दुखतं ते सगळ्यांनी विचारलं असेल, आणि तिचं काहीच दुखत नव्हतं.

बोटं झडतात ती जंतूनं खाल्ली म्हणून, असं पूर्वी डॉक्टरही मानत. वेल्लोरला शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी 1940च्या दशकाच्या अखेरीपासून हे खोडून काढलं. न जाणवणारा हात रोज भाजतो, कापतो, त्यात पू होतो, हाड खचतं. काही रोग्यांची बोटं रात्रीत नाहीशी व्हायची. पहारा ठेवला तेव्हा झोपेत उंदीर कुरतडताना सापडले. दुखलं असतं तर माणूस जागा झाला असता.

आणखी एक गोष्ट फक्त हात पाहणाऱ्यालाच दिसते. विळा धरताना मूठ किती आवळायची हे बोटांच्या टोकांकडून येणारे निरोप क्षणाक्षणाला ठरवत असतात. विळा निसटायला लागला की आपल्याला कळायच्या आत पकड वाढते, घट्ट बसला की सैल होते. निरोप तुटला की हात भीतीपोटी कायम जास्त आवळतो. म्हणून तळव्यावर न शोभणाऱ्या जागी घट्टे दिसतात आणि त्या घट्ट्याखाली जखम. आईच्या डाव्या तळव्याचा करंगळीकडचा भाग आजच पाहा.

स्नायूंचीही एक साधी चाचणी करा. तिच्या करंगळी आणि अनामिकेच्या मधे पोस्टकार्डाएवढा कागद धरायला सांगा आणि ओढा. दोन्ही हातांत करा. डाव्या हातातून कागद सहज निघून आला, किंवा करंगळी बाहेरच्या बाजूला नेऊन तुमच्या बोटाच्या दाबाविरुद्ध धरता आली नाही, तर नसेचं हालचालीचं कामही सुटायला लागलं आहे. पुढची पायरी म्हणजे ती दोन बोटं आकड्यासारखी वळणं. दवाखान्यात स्पर्श तपासायला बॉलपेनचं टोक किंवा नायलॉनचे धागे वापरतात. धागा ठरावीक वजनाला वाकतो, त्यामुळे या महिन्यात किती जाणवतं आणि पुढच्या महिन्यात किती, हे लिहून ठेवता येतं.

घाईचं कारण आता सांगतो. नसेचं बहुतेक नुकसान जंतू स्वतः करत नाही, त्याच्यावर चालून गेलेली आपली प्रतिकारशक्ती करते. नस सुजते, तिच्या आवरणात कोंडते, धागे गुदमरतात. ही सूज प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देऊन उतरवता येते, आणि बधिरपणा किंवा कमजोरी सहा महिन्यांच्या आतली असेल तर नस बरीचशी परत येण्याची चांगली आशा असते. त्यानंतर ती आशा झपाट्यानं कमी होते. तुमचे चार महिने गेले आहेत. हे औषध मात्र दुकानातून आणून द्यायचं नाही. ते साखर आणि रक्तदाब वाढवतं, आठवड्या-आठवड्यानं उतरवत न्यावं लागतं, आणि मूळ जंतूवरची औषधं सोबत नसतील तर घोटाळा होतो.

तुम्ही शेवटी विचारलंय की ‘हा रोग तर सरकारनं संपवला ना?’ देशात दर 10,000 लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, ही पातळी डिसेंबर 2005मध्ये गाठली गेली आणि त्यालाच निर्मूलन म्हटलं गेलं. पण हा आकडा औषधाखाली असलेल्या रुग्णांचा आहे. कापसाच्या हंगामात बाजार समितीच्या आवारात किती गाड्या उभ्या आहेत, हे किती गाड्या आल्या यावर असतं, तसंच एकेकीचं माप किती लवकर होतं यावरही असतं. काटे वाढवले की आवार मोकळं दिसतं, आवक तेवढीच असली तरी. कुष्ठरोगाचंही तसंच झालं. पूर्वी त्यावरचं डॅप्सोन हे औषध वर्षानुवर्षं घ्यावं लागायचं. 1982मध्ये बहुविध औषधोपचार, म्हणजे अनेक औषधं एकत्र देणं, आला आणि पुढे मुदत आजार किती पसरला आहे त्यानुसार 12 किंवा 6 महिन्यांवर आली, त्यामुळे रुग्ण यादीतून लवकर बाहेर पडू लागले. आकडा उतरण्यात याचा मोठा वाटा आहे. नवे रुग्ण अजूनही देशात दरवर्षी लाखाच्या आसपास निघतात, जगातले निम्म्याहून अधिक. आपल्या बाजूला चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा पट्टा त्यात ठळक आहे.

मला जास्त बोचतं ते वेगळंच. घरोघरी जाऊन अंग तपासायचं, समजावायचं आणि तिथेच औषध द्यायचं, ही पद्धत आपल्याच वर्ध्यात, 1951मध्ये सुरू झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठाननं डॉ. वर्देकरांच्या हाताखाली बसवली होती. सायकलवरचे ते कुष्ठरोग कर्मचारी गावातल्या माणसाची पाठ ओळखायचे. निर्मूलनाच्या सुमारास ते काम सर्वसाधारण आरोग्य सेवेत मिसळलं आणि रुग्णानं आपण होऊन यावं अशी अपेक्षा धरली गेली. ज्या आजारात दुखतच नाही, त्याचा रुग्ण आपण होऊन कशाला येईल? 2016पासून शोध मोहिमा पुन्हा निघाल्या, ते बरं झालं. घरी आशाताई आणि सोबतचा स्वयंसेवक आला तर ‘आमच्याकडे काही नाही’ म्हणून दारातून परत पाठवू नका. आपल्याला ‘काही’ आहे हे माहीत नसतंच.

सोमवारी आईला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. तिथे ‘हात दुखतो’ म्हणू नका, नाहीतर दुखण्याच्या गोळ्या घेऊन परत याल. ‘करंगळी चार महिन्यांपासून बधिर आहे, कोपराची नस तपासा, कुष्ठरोगाच्या कर्मचाऱ्यांना बोलवा’ असं सांगा. निदान झालं तर घरातल्या सगळ्यांना तपासतील आणि लागण टाळण्यासाठी रिफाम्पिसिन या औषधाची एक मात्रा देतील. आईच्या उपचाराच्या औषधांनी तिची लघवी लाल होईल, कातडी काळवंडेल. काळवंडणं औषध संपल्यावर हळूहळू जातं. घरात सिकलसेल असेल किंवा आईला आधीच रक्त कमी असेल तर ते आधी सांगा, कारण डॅप्सोननं काहींचं रक्त उतरतं. नवरा-बायकोच्या नात्याला याचा धोका नाही. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण 2019मध्ये कायद्यातून काढलं गेलं आहे.

तोवर डाव्या हातानं वेचणी बंद. अगदीच नाइलाज असेल तर करंगळी आणि अनामिकेला कापडी पट्टी गुंडाळून, आणि संध्याकाळी दोन्ही हात उजेडात पाहून. विळ्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा, म्हणजे पकड जाड होईल. रात्री हात वीस मिनिटं साध्या पाण्यात भिजवून वर खोबरेल तेल चोळा. बधिर भागाला घाम येत नाही, कातडी कोरडी होऊन चिरते. पाणी गरम करायचं असेल तर ते किती गरम आहे हे उजव्या हातानं पाहायचं. आणि भाकरीला उलथणं.

कागदाच्या चाचणीत काय निघालं ते कळवा.